स्पीकरच्या तोंडाशी

त्र्याण्णव साली धुळ्याला, देवपूरच्या एका कॉलेजच्या मैदानावर पुण्याचा हेवी मेटल बँड येणार होता. तो ऐकायला जळगावचा मगन आपल्या दोन मित्रांना घेऊन निघाला. मार्चच्या उन्हात तिघांनी काळी जॅकेटं चढवली होती. एवढ्या बंडखोरांकडे वाहन मात्र नव्हतं, त्यामुळे मगनचे वडील झुलालआबा त्यांना आपल्या जीपमधून घेऊन गेले.

मैदानात तिघांनी थेट स्पीकरच्या तोंडाशी जागा धरली. गाणाऱ्याचा एकही शब्द कळत नव्हता. म्हणजे गाण्याला फार खोल अर्थ असणार, यावर तिघांचं एकमत झालं. दोन तास ते माना झटकत नाचले. आबा मागे खुर्चीवर बसून बँडकडे कमी आणि मुलाकडे जास्त बघत होते.

परतताना जीपमध्ये आता बोलणी खावी लागणार, अशी तिघांची खात्री होती. पण आबांनी मायेनं विचारलं, "मगन, डोकं ठीक शे ना?"

"एकदम ठीक, आबा."

"आणि कान?"

"कानांना काय होतंय? अजून दोन तास सहज ऐकलं असतं."

"छान," आबा म्हणाले. "मग उद्यापासून आपल्या डाळमिलवर येत जा. तिथल्या यंत्रांच्या आवाजानं पोराचं डोकं फुटतं, त्याला मिलवर बोलावू नका, असं तुझी आई मला दोन वर्षांपासून सांगतेय."