उरलेला गुडघा

उद्या माजी सैनिकांच्या बँडची परेड होती. सगुणा नवऱ्याच्या गणवेशातल्या चौकड्यांच्या, गुडघ्यापर्यंतच्या घेरदार किल्टला इस्त्री करत होती.

“मी नाही जाणार. पँटमध्ये हा मांडीपासूनचा नकली पाय झाकला जातो. यात सगळ्यांना दिसेल,” बॅगपाइप पुसत तो पुटपुटला.

लग्नानंतर पहिल्यांदा त्याला या वेशात पाहून सगुणाच भांडली होती, “बायकांसारखा परकर घालून गुडघे काय दाखवता जगाला?”

“तेव्हा दोन होते, म्हणून लाजले,” ती आता म्हणाली. “एकच उरलाय, तो तरी मिरवा की!” आणि साडीसारख्या निऱ्या पुढे घेऊन तिने किल्ट त्याच्या कमरेला लावून बघितला.

कितीतरी दिवसांनी तो खदखदून हसला. “अगं, याच्या निऱ्या मागं असतात!”

“मग उठा, नेसून दाखवा.”

त्याने काठी मागितली.