बद्द वाजणारे नग

तपासणीच्या टेबलावरच्या लताबाईंनी बिडाचा ओतीव नग उचलून त्यावर हातोडी हलकेच ठोकली. नवनाथच्या माइकने आवाज टिपला.

"हा चांगला." पुढचा ठोकला. "हा बद्द वाजतोय. आत चीर हाय."

नवनाथ नोंद करत गेला. अंबडच्या या कारखान्यात तो आठ वर्षं फिटर होता. 'नोकरी करा, पण डोकं मालकासारखं चालवा' अशी कामगारांकडून नव्या कल्पना मागवणारी योजना निघाली, तेव्हा त्याने आवाजावरून तडा ओळखणारं यंत्र सुचवलं आणि साहेबलोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. वेगळी खोली दिली. यंत्र चाललं तर स्वतःचा विभाग देणार होते. एवढं कौतुक त्याच्या घराण्यात कुणाचं झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते गोड लागलं होतं.

आज सकाळी मॅनेजर आल्हाद सरांनी कामगारांचा नवा तक्ता पाठवला. तपासणीच्या टेबलावर सध्या सहा बायका, पुढच्या महिन्यापासून एकही नाही. खाली सूचना होती : यंत्र पुरतं शिकेपर्यंत कुणाला सांगू नये.

"मशीन आलं की मनगटाचं दुखणं तरी थांबंल," लताबाई म्हणाल्या. "सायखेड्याला पोचेस्तोवर बसमधी हातच चोळत बसते मी. घरी गेल्यावर भाकरी थापवत नाय."

नवनाथला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं, हातोडी खाली ठेवा म्हणावं. त्याने तोंड उघडलंही. काचेपलीकडे आल्हाद सर फोनवर बोलत उभे होते. त्यांनी हसून अंगठा दाखवला.

"बास, लताबाई," तो कसाबसा म्हणाला. "यंत्राला एवढं पुरे."

"पुरे कसं?" त्यांनी टेबलाखालून फडक्यात बांधलेले तीन नग काढले. "हे दिसाया चांगले, वाजायाबी चांगलेच वाटतात. पण आतून फुटलेले हायेत. माझ्याबिगर इथं कुणालाच वळखू येत नाय. तुमचं मशीन नेमकं इथंच फसलं असतं, अन् साहेबांपुढं तुमची शोभा झाली असती. म्हनून महिनाभर जपून ठेवलेत, भाऊ."

त्यांनी पहिला नग तळहातावर घेतला, हातोडी धरली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"नीट ऐकू द्या त्याला."

नवनाथने माइक थोडा जवळ सरकवला.