धीट माणसाची बाटली

सल्फ्युरिक ॲसिडची बाटली खांबेटे सरांना काही केल्या उघडेना; झाकणावरचा दिवा लालच.

“सर, तुमच्या नाडीत माझी भीती नाही,” बाटली अदबीनं म्हणाली. “न घाबरणाऱ्याला ॲसिड द्यायचं नाही, असा आम्हाला हुकूम आहे.”

“अगं, तीस वर्षं हाताळतोय तुम्हाला!”

“तेच तर.”

बाहेर प्रॅक्टिकलची मुलं ताटकळली होती. त्याहून सरांना झोंबलं ते हे, की कालच रुजू झालेल्या फणसळकर मॅडमना हिनं चटकन झाकण उघडून दिलं होतं. सरांनी हातमोजे भिरकावले, पक्कड आणली आणि झाकण करकचून पिळलं. बाटली सटकली आणि टेबलाच्या कडेवरून कलली. सरांनी ती कशीबशी छातीशी कवटाळली. काळजाचं पाणी पाणी झालं.

झाकणावर हिरवा दिवा लागला.

“आता देते, सर. आधी मोजे आणि गॉगल घाला.”

सरांनी निमूटपणे दोन्ही घातलं, बाटली टेबलावर ठेवली आणि झाकणाला हात लावला. दिवा पुन्हा लाल.

“आता काय झालं?”

“हात थरथरतोय, सर. चहा घेऊन या. पण दोनच घोट घ्या. कपभर प्यालात, तर पुन्हा धीट व्हाल.”