धुराची दिशा

वनरक्षक श्रीकांत वणव्यात गुदमरून गेला. धूर कुठे पसरेल हे दाखवणाऱ्या वेबसाइटवर त्याच्या धाकट्या भावाने, अमेयनेच तपासून सांगितलं होतं की धूर श्रीकांतच्या चौकीकडे गेलाच नाही. खात्याने तेच खरं धरलं.

महिन्याभराने श्रीकांतची बायको विनता दिराला म्हणाली, "भाऊजी, ती वेबसाइट माझ्यासमोर चालवा एकदा."

अमेयने वणव्याची जागा आणि त्या दिवशीचा वारा भरला. नकाशावर धुराचा करडा पट्टा पूर्वेला सरकला, थबकला आणि वाऱ्याविरुद्ध वळून त्यांच्या जबलपूर शहराकडे येऊ लागला.

"हे काहून होऊन राहिलं?"

"असं होऊच शकत नाही, वहिनी."

"तेव्हाही तुम्ही हेच म्हणाले होते."

त्याने सगळं बंद करून पुन्हा उघडलं. पट्टा आता शहरातल्या सदर भागावर, त्यांच्या वस्तीवर आला होता. नकाशा मोठा केला, तर तो त्यांच्याच छपरावर थांबलेला.

बाहेर दुपारचं ऊन अगदी स्वच्छ होतं.

श्रीकांतच्या कुलूपबंद खोलीतून कोणीतरी खोकलं. मग तो खोकला थांबेचना.

विनताने कमरेची किल्ली काढून अमेयपुढे ठेवली.

"जा भाऊजी," ती म्हणाली. "सांगा त्यांना, धूर नाही म्हणून."