शिवराजची फायनल

ऑस्टिन पिचिंगला उतरला आणि शहाजीनं हातातला करक चहाचा कप पायाखाली चिरडला. निम्मा चहा कपातच होता. तो त्याच्याच बुटावर सांडला, आणि त्याचाही राग त्यानं ऑस्टिनवरच धरला.

"तिथं माझा पोरगा पायजे हुता."

सकाळपासून हे दहाव्यांदा. बायको संजीवनीनं बूट पुसायला रुमाल पुढं केला. शिवराज दोघांच्या मधे बसला होता, साध्या टी-शर्टमध्ये, टोपी डोळ्यांवर ओढून.

दोह्यातल्या सहा कॉलेजांची बेसबॉल स्पर्धा. शिवराजनं सीझनभर बॉल टाकून टीमला फायनलपर्यंत आणलं होतं. इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये शहाजी एसी दुरुस्त करता करता त्याचे व्हिडिओ दाखवायचा. क्रिकेटशिवाय दुसरा खेळ असतो हेच ज्यांना मान्य नाही, ती माणसंसुद्धा निमूट बघायची. जानेवारीत शिवराज टीममध्ये आला तेव्हा शहाजीनं गावी भावाला, हरिदासला, लगेच फोन लावला होता. पोराचं नाव गावात गाजलं पाहिजे, हात आखडू नकोस म्हणाला होता. नुसतं कॉलेजची टीम म्हटलं तर तिकडं कोण विचारतंय?

शिवराजचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. ही फायनल हुकली की दुसरी नाही. आणि मंगळवारी कमिटीनं त्यालाच बाहेर काढलं. कुणीतरी तक्रार केली होती की हा पगार घेऊन खेळणारा खेळाडू आहे. तसल्यांना या स्पर्धेत बंदी.

पगारी म्हणे. अरे, पोराचे बूटसुद्धा बापानं ओव्हरटाइम करून आणलेले.

"कुणी केली तक्रार?" शहाजी तीन दिवस विचारत होता.

"लीव्ह इट, पप्पा."

"कमिटीकडं कागद आहे म्हणं. काय लिवलंय त्यात?"

"खोटं आहे काहीतरी. लीव्ह इट."

शहाजीला कागद बघायची गरजच नव्हती. शिवराज गेल्यावर फायदा कुणाचा झाला? ऑस्टिनचा. ऑस्टिनचा बाप रोनाल्ड कमिटीत पालकांचा प्रतिनिधी. झालं की मग. अल सद्दमध्ये एकाच बिल्डिंगमध्ये राहणारा वसईचा माणूस. नाताळात त्याच्या घरून डबा यायचा, दिवाळीत इकडून जायचा, आणि मनात हे.

सातव्या इनिंगनंतर रोनाल्ड पाण्याच्या बाटल्या घेऊन पायऱ्या चढून आला.

"शहाजीभाऊ, पाणी घ्या. ऊन फार आहे."

"तुझ्या हातचं पानी नको मला." शहाजी उठून उभा राहिला. "माझा पोरगा तुझ्या घरात जेवला, आन् त्याच्याच अन्नात माती कालवलीस? लाज कशी वाटली न्हाई तुला?"

पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. रोनाल्डनं शिवराजकडे पाहिलं. शिवराजनं किंचित नकारार्थी मान हलवली.

"त्याच्याकडं काय बघतोस? माझ्याशी बोल."

"तुम्ही म्हणाल तसं, भाऊ," रोनाल्ड म्हणाला. बाटल्या संजीवनीजवळ ठेवून तो खाली निघून गेला.

"बघितलंस?" शहाजी बायकोला म्हणाला. "न्हाई म्हनायची बी हिंमत झाली न्हाई. चोर हाय, चोर."

तेवढ्यात हरिदासचा फोन आला. "दादा, आज फायनल न्हवं? चौकात सगळी इचारत्यात."

"मागनं बोलतो," म्हणून शहाजीनं फोन कापला. आता गावाला काय तोंड दाखवायचं, या विचारानं त्याचं डोकं आणखी तापलं.

शेवटच्या इनिंगमध्ये ऑस्टिनच्या बॉलवर समोरच्यानं उंच फटका मारला आणि टीम एका रनानं हरली. शिवराज दोन्ही हातांत डोकं धरून बसला. ते बघून शहाजी तरातरा खाली उतरला, थेट कमिटीच्या टेबलापाशी. रोनाल्ड फायली गोळा करत होता.

"तो कागद दाव मला."

"नको, भाऊ. घरी चला, शांतपणे बोलू."

"आता का नको? उघडं पडशील म्हणून?"

त्यानं फाईल हिसकावली. मागून शिवराज पळत आला. "पप्पा, प्लीज. नका बघू."

वरचं पत्र इंग्रजीत होतं. शहाजीनं ते ओळीवर बोट ठेवून वाचलं. पुराव्यातला मजकूर खोटा आहे असं वडिलांनी येऊन लिहून दिलं, तर शिवराजला खेळता येईल. खाली शिवराजची सही, आणि त्याच्याच अक्षरात एक ओळ: माझ्या वडिलांना बोलावू नका, मी खेळत नाही.

शहाजी शिवराजकडं वळला. "का रं? मी शंभर कागदांवर सही केली असती. बाप मेला हुता का तुझा?"

शिवराजनं फाईल मिटायला हात पुढं केला. रोनाल्ड दुसरीकडे बघू लागला.

शहाजीनं पान उलटलं.

मागे एक फोटो होता. गावचा चौक, दोन खांबांना बांधलेला भला मोठा फ्लेक्स, त्यावर हातात बॉल घेतलेला शिवराज, आणि लाल अक्षरं: 'कतारच्या बेसबॉल संघात लाखो रुपये पगारावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: वडील, श्री. शहाजी खरमाटे, दोहा.'