ओळखीचा विस्तव

ग्रिलचं बटण दाबून बावीस मिनिटं झाली होती आणि चिमणीतून अजून नुसता पांढरा धूरच येत होता. बाहेर मांडूच्या डोंगरावरचा ढग रस्त्यावर उतरला होता. धूर कुठे संपतो आणि ढग कुठे सुरू होतो, हे उदाजीरावांना कळेना. बत्तीस वर्षं त्यांनी पीथमपूरच्या कारखान्यात बिघडलेली यंत्रं ताळ्यावर आणली, पण ढगात उभं असलेलं यंत्र पहिल्यांदाच वाट्याला आलं होतं. बघत राहावंसं वाटत होतं.

पण वेळ थोडा होता. मुलगा, राजवीर, सामान घेऊन धारहून निघाला होता. लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारं हे ग्रिल त्याने मोठ्या हौसेने आपल्या छोट्या हॉटेलात बसवलं, आणि आठ दिवसांपासून ते नव्या जावयासारखं रुसलं होतं. काल जाताना तो सरळच म्हणाला होता, "आबा, कोणीतरी याला हात लावतंय. आईसाहेबांनी याची तापमान मोजायची तार चिंचेने घासली होती, याद आहे ना? आता परत काही निघालं, तर त्यांना धारलाच राहू द्या. यहाँ किचन में नहीं."

त्याच्या आईसाहेब, नर्मदाबाई, तेव्हा आत मसाला वाटत होत्या. वरवंट्याचा आवाज मध्येच थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.

उदाजीरावांनी यंत्र बंद करून निवू दिलं. घाईने बोटं भाजतात, हे ते कारखान्यात नव्या फिटरांना रोज ऐकवत. टाकीतली एक गोळी घेऊन त्यांनी कानाशी मोडली. कट्ट. म्हणजे गोळी कोरडी होती, ढगाचा दोष नव्हता. पंखा घुमत होता, गोळ्या पुढे ढकलणारा स्क्रूही फिरत होता. सगळं ठीक, आणि तरी पेटत नाही. माणसांत असं असतं, यंत्रांत नसतं.

त्यांनी जाळ्या उतरवल्या, खालचा पत्रा काढला. तळाशी वाटीएवढं भांडं होतं. गोळ्या त्यात पडतात आणि एक कांडी तापून त्यांना पेटवते. वरच्या अर्धवट करपलेल्या गोळ्या त्यांनी बाजूला केल्या. खाली ती कांडी गळ्यापर्यंत राखेत बुडालेली होती आणि हवेची भोकं बुजलेली. राख आपोआप साठली असती तर नवल नव्हतं. ही हाताने दाबून सारखी केली होती. पांढरी, जाडसर, गोवरीची राख. वर हळदीचं एक बोट टेकवलेलं.

उदाजीराव खालीच बसले.

नर्मदाबाईंच्या माहेरी, देवासला, चुलीतली राख कधी पूर्ण उपसत नसत. मूठभर राहू द्यायची, म्हणजे उद्याचा विस्तव घर चुकत नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी तीच मूठ पुरचुंडीत बांधून धारला आणली होती. गेल्या महिन्यात राजवीरने धारच्या घरातली चूल मोडली, आणि राखही तिच्याबरोबर गेली, असं उदाजीराव धरून चालले होते.

ढग दारातून आत आला. त्यात कोणीतरी उभं होतं, पदराखाली काहीतरी जपून धरलेलं. क्षणभर त्यांना ती एकोणीस वर्षांची नवरी वाटली.

"सापडलं?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"सापडलं."

"पोराचं यंत्र आहे. विस्तवाला परकं वाटू नये, म्हणून जुन्या चुलीतली थोडी राख रोज घालत होते." त्या थांबल्या. "आता मला धारला जावं लागेल. तिथे तर चूलही नाही."

उदाजीरावांनी खिशातला रुमाल अंथरून चमच्या-चमच्याने राख त्यात काढली, गाठ मारली. झाडूच्या काडीने एकेक भोक मोकळं केलं, सगळं जागच्या जागी बसवलं आणि बटण दाबलं. चार मिनिटांत आत जाळ धरला.

तेवढ्यात ढगातून राजवीरची गाडी आली. "अरे वा, झालं चालू! आबा, काय होतं?"

नर्मदाबाईंनी तोंड उघडलं.

"राख," उदाजीराव आधीच म्हणाले. "रोज काढायची असते. मी विसरलो."

राजवीर त्यांच्याकडे बघतच राहिला. "आपण विसरलात?"

"वय झालं."

राजवीर रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने वडिलांच्या खांद्यावर अगदी हलका हात ठेवला. "कोई बात नहीं, आबा. उद्यापासून मशीन मीच लावतो. आपण आराम करा. हात नका लावू."

उदाजीरावांनी मान हलवली. कारखान्यात साहेबसुद्धा त्यांना असं कधी म्हणाला नव्हता.

दुपारी पुढची टेबलं भरली. हॉटेलाच्या मागे गोरखचिंचेचं जाडजूड झाड ढगात अर्धं विरघळलं होतं. त्याच्या बुंध्याशी उदाजीरावांनी तीन दगड मांडले, मधे रुमालाची गाठ सोडली आणि राख पसरून सारखी केली. नर्मदाबाई चहाचं पातेलं घेऊन आल्या.

"तुमचं काम गेलं की हो माझ्यापायी."

"सुटी मिळाली म्हणा."

नर्मदाबाईंनी आजूबाजूच्या काटक्या गोळा करून दगडांमध्ये रचल्या. काटक्यांवर ढगाचं पाणी चमकत होतं.

"ओल्या आहेत," उदाजीरावांमधला फिटर म्हणाला. "नाही धरणार."

नर्मदाबाईंनी राखेला हळदीचं बोट लावलं आणि आगपेटीची काडी ओढली. एकच पुरली.