आजचा शब्द

टच्. मटारची शेंग फुटली आणि दुपारपासून गोठलेलं घर जरासं हललं.

बेंगळुरूच्या त्या उंच इमारतीत शेजारणींची भाषा सुवर्णाला कळत नव्हती. तिच्याशी दिवसभर बोलणारी एकच, मोबाइलमधली, मराठीतून इंग्रजी शिकवणारी बाई. तीही आपलंच बोलायची, ऐकायची नाही. आजचा शब्द होता आयसोलेशन. माणसांपासून तुटलेपण. अशानं मन धुक्यात गेल्यासारखं होतं, बाई सांगत होती. दूध उतू जातं, वार आठवत नाही, खिडकीतला ढग बघता बघता दिवस मावळतो.

शेंगा सोलणारा सुवर्णाचा हात थांबला. ही बाई आपल्या घरात कधी डोकावून गेली? रोज जेवताना नवरा विचारायचा, "गप का असतीस गं अशी?" आणि तिला सांगता यायचं नाही. आज सांगता येणार होतं. ती शब्द तोंडात घोळवू लागली. आय-सोलेशन. आय-सोलेशन.

परातीतल्या दाण्यांशी खेळणारी तिची चिमुरडी लेक मुक्ता खुदकन हसली. "आय, तूच हाईस की त्यात. आय सोलती!"

सुवर्णालाही हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी स्वतःचं हसणं तिच्या कानावर पडलं. "व्हय गं बया. आय सोलती."

मुक्तानं एक रिकामं टरफल उलटंपालटं करून बघितलं. मग आईच्या मांडीला रेलून तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"शेंग सोलल्यावर दाणं निघत्यात. आय सोलल्यावर आत काय निघतं?"